शांत पाण्याचा दगा

माघ महिन्यातल्या एखाद्या पहाटे उजनीच्या किंवा जायकवाडीच्या काठावर जाऊन उभे राहा. वारा पडलेला असतो, पाण्यावर सुरकुती नसते आणि वर धुक्याचा पडदा असतो. आभाळ राखाडी, पाणीही राखाडी. मध्येच एखाद्या कोळ्याची होडी दिसते. पण ती पाण्यावर आहे की हवेत टांगलेली आहे, हे काही केल्या सांगता येत नाही. आपण म्हणतो, "वा, काय देखावा आहे!" आणि घरी येऊन चहा घेतो. आपले काही बिघडत नाही, कारण आपले पाय जमिनीवर असतात.

आता असे समजा, की हाच देखावा ताशी सव्वाशे मैल वेगाने जाणाऱ्या माणसाला दिसला, आणि त्याच्या पायाखाली जमीन नसून अडीचशे फूट हवा आणि तिच्याखाली समुद्र असला, तर काय होईल? काय होते ते १९८३ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी दिसून आले. त्या अपघाताची हकीकत आज सांगावयाची आहे. अपघात दूरदेशीचा खरा. पण त्यातला धडा आपल्या गावच्या ओढ्यापर्यंत येऊन पोचतो, असे शेवटी तुमच्या लक्षात येईल.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातील लँड्स एंड या टोकापासून सुमारे २८ मैलांवर समुद्रात सिली नावाची लहान बेटे आहेत. हवा सौम्य असल्यामुळे तेथे फुलांची शेती होते, आणि उन्हाळ्यात सुट्टी घालवायला लोक जातात. बोटीने जायचे तर पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. बोट हलते, पोटात कालवते. म्हणून १९६४ साली पेन्झान्स गावाहून सेंट मेरीज या मुख्य बेटापर्यंत हेलिकॉप्टरची फेरी सुरू झाली. प्रवास अवघा वीसेक मिनिटांचा. आपल्याकडे एस. टी. पकडावी तसे लोक हेलिकॉप्टर पकडू लागले.

१६ जुलै १९८३ रोजी असेच एक हेलिकॉप्टर पेन्झान्सहून निघाले. ते सिकोर्स्की एस-६१ जातीचे, दोन एंजिनांचे मोठे यंत्र होते. त्यात २३ उतारू आणि चालक वर्गाची ३ माणसे, अशी एकूण २६ माणसे होती. समुद्रावर त्या दिवशी धूसर हवा होती. वारा जवळजवळ नव्हता, आणि पाणी आरशासारखे पडून होते. बेट जवळ येत चालले तसा वैमानिक नियमाला धरूनच खाली आला, आणि पाण्यापासून अडीचशे फुटांवर राहून, बाहेर डोळ्यांनी पाहत हेलिकॉप्टर चालवू लागला. बेट आता तीनएक मैलांवर आले होते. थोड्याच वेळात हेलिकॉप्टर सरळ पाण्यावर आदळले. आदळण्यापूर्वी ना घंटा वाजली, ना कोणी ओरडले. पाण्यावर तरंगता यावे म्हणून त्याचे पोट होडीसारखे केलेले होते; पण पुऱ्या वेगाने पाण्याशी गाठ पडल्यावर त्याचा काय उपयोग? ते उलटले आणि बुडाले. २० माणसे गेली. दोघे वैमानिक आणि चार उतारू, त्यांत दोन मुले, एवढी सहाच माणसे पाण्यावर राहिली. सेंट मेरीज बेटावरील जीवरक्षक नौकेने त्यांना उचलून घेतले.

पुढे समुद्राच्या तळावरून यंत्र वर काढण्यात आले आणि सरकारी चौकशी झाली. एंजिने ठीक होती. पंखा ठीक होता. यंत्रात अपघाताचे कारण सापडले नाही. चौकशीचा निष्कर्ष थोडक्यात असा: हवा धूसर आणि फसवी, खाली शांत समुद्र, अशा स्थितीत वैमानिक डोळ्यांच्या भरवशावर अडीचशे फुटांवर राहू पाहत होता, हेलिकॉप्टर नकळत खाली खाली येत गेले, आणि ते त्याच्या लक्षात आले नाही. यंत्रांकडे जितके लक्ष ठेवावयास हवे होते तितके ठेवले गेले नाही, आणि उंची कमी होताच कानावर पडेल असा इशारा देणारे साधन त्या हेलिकॉप्टरात नव्हते.

म्हणजे, चूक माणसाची. पुष्कळ जण येथेच वर्तमानपत्र मिटून ठेवतात. "वैमानिकाचे लक्ष नव्हते, दुसरे काय!" असे म्हणून मोकळे होतात. आपण मात्र तसे न करता पुढचा प्रश्न विचारू. अनुभवी, जागा असलेला, शुद्धीवर असलेला माणूस, शेजारी दुसरा तसाच वैमानिक, आणि तरी अडीचशे फूट खाली आल्याचे दोघांनाही कळू नये, हे घडते कसे?

पहिल्यांदा डोळ्यांची गोष्ट घेऊ. उंची आपण कशी ओळखतो? गच्चीवरून खाली पाहिले की माणूस एवढासा दिसतो. माणूस केवढा असतो हे आपल्याला ठाऊक आहे. त्यावरून गच्ची किती उंच, हे मन आपोआप ताडते. झाडे, गुरे, बांध, घरांची कौले, रस्त्यावरची बैलगाडी ही सगळी आपल्या डोळ्यांची मापे आहेत. समुद्रावर यांतले काही नाही. लाटा असल्या तर थोडा आधार. परंतु लाटेचे माप ठरलेले नसते, आणि त्या दिवशी लाटाही नव्हत्या. वर धुके असल्यामुळे क्षितिजाची रेघ पुसलेली. ज्याच्याशी ताडून पाहायचे तेच नाहीसे झाल्यावर डोळा काय करणार? तो पाहत राहतो, पण त्याला दिसत काही नाही. आणि घातक गोष्ट अशी, की आपल्याला दिसत नाही हे डोळा कबूल करीत नाही. अंधारात माणूस चाचपडत चालतो, म्हणून तो वाचतो. धूसर उजेडात त्याला वाटते की आपल्याला दिसते आहे, आणि तो सरळ चालत राहतो.

तळ्यावर किंवा खाडीत उतरणारी विमाने असतात, त्यांच्या वैमानिकांना ही गोष्ट आरंभीच शिकवतात. पाणी आरशासारखे असेल तर नजरेने उंची ठरवू नका, काठाजवळ उतरा म्हणजे झाडाझुडपांचा आधार मिळेल, आणि अगदी सावकाश, एका ठरलेल्या मापाने खाली येत पाणी लागेपर्यंत तसेच या, असा त्यांचा पाठ असतो. खवळलेल्या पाण्याइतकीच भीती ते गुळगुळीत पाण्याची बाळगतात.

दुसरी गोष्ट कानाची. कान ऐकण्याकरिता, हे सर्वांना माहीत आहे. पण आपला तोल सांभाळण्याचे कामही कानच करतो. प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार बारीक नळ्या असतात, त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोके वळले की नळी वळते, द्रव मात्र क्षणभर मागे राहतो, आणि त्या फरकावरून मेंदूला वळण कळते. जवळच दुसरी इंद्रिये असतात, ती पुढे-मागे आणि वर-खाली बसणारे धक्के सांगतात. ही व्यवस्था चालण्या-धावण्यासाठी उत्तम आहे. पण तिला फक्त बदल कळतो. मुंबईत लिफ्टमध्ये बसला असाल तर आठवून पाहा. लिफ्ट सुटताना पोटात खड्डा पडतो, थांबताना पाय जड होतात. मधल्या वेळात आपण वर चाललो की खाली, हे आकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. सारख्या वेगाची गती अंगाला लागत नाही. आणि बदल अगदी सावकाश झाला, तर तोही कानाच्या हिशेबात येत नाही.

आता थोडा हिशेब करू. शिक्षकबंधूंना तो फळ्यावर मांडता येईल. ताशी सव्वाशे मैल म्हणजे मिनिटाला सुमारे ११,००० फूट. हेलिकॉप्टर अडीचशे फूट खाली यायला एक मिनिट लागले असे उदाहरणापुरते धरू. म्हणजे ११,००० फूट पुढे जाताना २५० फूट उतार. ४४ फुटांत १ फूट. कर्जतहून लोणावळ्याकडे बोरघाट चढणारा लोहमार्ग ३७ फुटांत १ फूट चढतो. म्हणजे आपल्या उदाहरणातला उतार घाटातल्या रेल्वेपेक्षाही कमी झाला! गाडीत बसून खिडक्या लावून घेतल्या तर घाट चढतो आहोत की उतरतो आहोत, हे तुम्ही छातीठोकपणे सांगाल काय? आणि तेवढ्याच उतारावर हेलिकॉप्टर एका मिनिटात समुद्राला टेकते.

डोळा फसला, कान गप्प बसला. मग यंत्रे कशासाठी होती? असा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो रास्त आहे. उंची मोजण्याची यंत्रे दोन प्रकारची असतात. एक हवेच्या दाबावर चालते. वर जावे तशी हवा विरळ होते आणि दाब उतरतो. समुद्राजवळ १ मिलीबार दाब उतरला की सुमारे २७ फूट चढलो असे समजावे. हे यंत्र भरवशाचे, पण त्या दिवशीचा समुद्रसपाटीचा दाब त्याला आधी नीट सांगून ठेवावा लागतो. दुसरे यंत्र रेडिओलहरींवर चालते. विहिरीत तोंड घालून "ओ" दिली की प्रतिध्वनी येतो; तो किती वेळाने आला यावरून पाणी किती खोल, याचा अंदाज बांधता येतो. तेच तत्त्व येथे. यंत्र खाली रेडिओलहर सोडते, ती पाण्यावर आपटून परत येते. अडीचशे फुटांवरून जाऊन परत यायला तिला सेकंदाचा सुमारे वीस लाखावा भाग लागतो! एवढा सूक्ष्म वेळ मोजून ते यंत्र उंची दाखवते, आणि धुके असो की काळोख असो, ते फसत नाही.

तेव्हा उंची सांगणारा काटा वैमानिकासमोर होता. पण काटा मुका असतो. जो पाहील त्यालाच तो सांगतो. आणि डोळ्यांनी चालवायचे म्हणजे नजर बाहेर हवी. बेट दिसते का, एखादी नाव मध्ये येते का, हे पाहावयास हवे. माणसाला डोळे दोन असले तरी नजर एकच. बाहेर पाहावे तर काटा सुटतो, काटा पाहावा तर बाहेरचे सुटते. खरी मेख येथे आहे.

स्वयंपाकघरात काय चालते ते पाहा. घरातली बाई एका शेगडीवर भाकरी भाजते, विळीवर भाजी चिरते, पोराला ओरडते, आणि शेजारी कुकर चढवलेला असतो. ती कुकरकडे बघत बसत नाही. तिला बघावे लागतच नाही. शिटी झाली की हात आपोआप तिकडे जातो. कुकर करणाऱ्याने ओळखले होते की हिची नजर अडकलेली असणार, म्हणून त्याने कानाचा रस्ता धरला. त्या हेलिकॉप्टरात अशी शिटी नव्हती.

चौकशीतून जी शिफारस निघाली ती हीच. समुद्रावर जाणाऱ्या हेलिकॉप्टरांत, ठरलेल्या उंचीखाली येताच कानात बोलणारे साधन बसवावे. पुढे ब्रिटनमध्ये समुद्रावरील हेलिकॉप्टरांना ते सक्तीचे झाले. आपल्याकडे म्हणतातच, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण ही ठेच वीस जिवांची होती, हे विसरता येत नाही.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मलाही बरे वाटले असते. पण ती संपली नाही, आणि पुढचा भाग सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. १८ फेब्रुवारी २००९ रोजी संध्याकाळी, अंधार पडल्यावर, स्कॉटलंडच्या पूर्वेस उत्तर समुद्रात एक हेलिकॉप्टर तेलविहिरीच्या फलाटावर उतरू पाहत होते. दोन वैमानिक, सोळा कामगार. धुके किंवा खाली आलेले ढग होते. दोघा वैमानिकांची दृष्टी फलाटाच्या दिव्यांवर खिळली होती. हेलिकॉप्टर खाली चालले आहे हे दोघांपैकी एकालाही उमगले नाही, आणि ते समुद्रात उतरले. या खेपेस आवाज देणारे साधन हेलिकॉप्टरात होते. पण उंचीचे दोन इशारे असतात, त्यांपैकी एकाचा आवाज वैमानिकांनीच त्या वेळेपुरता बंद ठेवलेला होता. दुसरा, यंत्रात बिघाड झाल्यामुळे, बोललाच नाही. मात्र वेग कमी होता, तरंगण्याचे फुगे फुगले, रबरी तराफे बाहेर निघाले, आणि अठराच्या अठरा माणसे जिवंत घरी गेली. सव्वीस वर्षांत एवढा फरक पडला होता. माणूस पुन्हा तसाच फसला, पण भोवतालची व्यवस्था त्याला सावरून घेण्याइतकी शहाणी झाली होती.

आपल्यालाही हा विषय परका नाही. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय आहे. १९७४ साली तेथे तेल सापडले, आणि तेथील कामगार हेलिकॉप्टरने ये-जा करतात. २८ जून २०२२ रोजी त्याच समुद्रात एक हेलिकॉप्टर पाण्यात पडले. नऊ जणांपैकी चौघे गेले. प्रत्येक अपघाताचे कारण त्याचे त्याचे असते, म्हणून एकाचे कारण दुसऱ्याला चिकटवू नये. पण समुद्रावरून कामाला जाणारी माणसे आपल्याही घरांतली आहेत, एवढे ध्यानात असावे.

आता दोषाविषयी. "चूक कोणाची?" हा प्रश्न विचारू नये असे मी म्हणत नाही. चौकशीने तो विचारला आणि स्पष्ट उत्तर दिले. पण तेथेच थांबली असती तर त्या वैमानिकाला बोल लागला असता, आणि पुढच्या धूसर दिवशी दुसरा वैमानिक त्याच पाण्यावर तसाच उतरत गेला असता. वर्गात एखादा मुलगा वजाबाकीत हातचा विसरतो. आपण त्याला चूक दिली तर एका मुलाची एक चूक धरली गेली. पण तीच चूक अर्धा वर्ग करीत असेल, तर आपली शिकवण्याची रीत तपासावी लागते. चांगला मास्तर चुकीवर लाल रेघ ओढतो आणि मग विचारतो, "बाळ, तू हे असं का केलंस?" त्या "का"पासून पुढे खरी विद्या आहे. चौकशी करणाऱ्यांनी हेच केले. त्यांनी चूक लपवली नाही, आणि चुकणाऱ्या माणसापाशी थांबलेही नाहीत.

शिक्षकांना वर्गात करून दाखवता येतील असे दोन प्रयोग सांगतो. पहिला फिरत्या खुर्चीचा. एका मुलाचे डोळे फडक्याने बांधा, त्याला खुर्चीवर बसवून सावकाश एका वेगाने गोल फिरवा, आणि ज्या बाजूला आपण फिरतो आहोत असे वाटते ती बाजू बोटाने दाखवायला सांगा. आरंभी तो बरोबर दाखवील. थोड्या वेळाने म्हणेल, "गुरुजी, थांबलो." खुर्ची तर फिरतेच आहे! मग खुर्ची खरोखर थांबवा. तो उलट बाजू दाखवील. सगळा वर्ग हसेल. मग ज्याला सर्वांत जास्त हसू आले त्याला खुर्चीवर बसवा. मूल पडणार नाही एवढी काळजी घ्या.

दुसरा प्रयोग पाण्याचा. स्वच्छ घमेल्यात काठोकाठ पाणी भरून ते निवांत ठेवा. मुलाने एक डोळा मिटून, वरून बोट खाली आणीत, पाण्याला न लावता जितके जवळ नेता येईल तितके न्यावे. बहुतेकांचे बोट भिजेल. मग पाण्यावर चिमूटभर भुसा टाका आणि तेच पुन्हा करा. भुशाचे कण दिसू लागताच पाणी कुठे आहे ते डोळ्याला कळते. त्या दिवशी समुद्रावर भुसा नव्हता, असे मुलांना सांगितले की अडीचशे फुटांची सगळी गोष्ट त्यांना एका क्षणात समजेल.

शेवटी आपल्या गावच्या ओढ्याकडे येतो. श्रावणात फरशी पुलावरून पाणी वाहू लागते. अलीकडे माणसे उभी, पलीकडे घर. कोणीतरी म्हणतो, "गुडघाभर तर आहे, चल काढू गाडी." हा गुडघा कोणी मोजला? नजरेने. पाणी नितळ असले तर तळ आहे त्यापेक्षा वर दिसतो, खोली पाऊण हिश्श्याइतकीच भासते; आणि गढूळ असले तर तळ दिसतच नाही, खालची फरशी वाहून गेली असली तरी वरून पाणी सपाटच दिसते. ज्याने तो रस्ता हजार वेळा तुडवला आहे तोच बहुधा पुढे होतो, कारण त्याला आपल्या नजरेची खात्री असते. सिलीच्या वैमानिकालाही तो मार्ग नवा नव्हता.

म्हणून पुलाच्या कडेला फुटाफुटांच्या खुणा रंगवलेला खांब असतो, त्याला मान द्यावा. खांब नसेल तर ग्रामपंचायतीकडे मागावा, आणि पाणी कोणत्या खुणेवर आले म्हणजे वाहतूक बंद, हे पावसाळ्यापूर्वी गावाने बसून ठरवावे. कारण ज्या वेळी पाणी चढलेले असते, अंधार पडत असतो आणि घरची वाट दिसत असते, त्या वेळी माणसाची नजर त्याच्या इच्छेच्या बाजूने साक्ष देते. आधी ठरवलेली खूण तेवढी कोणाच्या बाजूने बोलत नाही. या पावसाळ्यात पाणी फरशीवर आले, तर पाण्याकडे पाहण्याआधी त्या खांबाकडे पाहा. आणि खूण बुडालेली असली, तर रात्र अलीकडच्या गावात पाहुण्यांकडे काढा. सकाळी घरी जाता येईल.